सोहोनी, कमला
(१९११–१९९८). भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. जन्म इंदूरचा. वडील व काका दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमलाबाईंनी टाटा विज्ञान संस्थेतच प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा पवित्रा घेतल्यावर प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष परीक्षाधीन. पुरुष विद्यार्थ्यांना अशी अट नव्हती. हा अपमान त्या अखेरपर्यंत विसरल्या नाहीत. वर्षभरात रामन यांचे मत पालटले व संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एवढ्या थोर वैज्ञानिकालाही पुरावा मागावासा वाटला, तो फक्त मुलींकडून.

पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’ या श्वसनसाखळीतील प्रथिनावर संशोधन करून १९३९ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळविली. विज्ञानात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. मायदेशी दिल्ली, कुन्नूर व नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केले. नीरा, कडधान्ये यांसारख्या सामान्यांच्या अन्नाचे पोषणमूल्य हा त्यांचा विशेष विषय. नीरेवरील कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.