पट्ट्यावरचा पंखा आणि तारेवरचा पंखा

सांगवीतील एका वर्कशॉपात आम्हांस जावे लागले ते मोटारीसाठी नव्हे, पगारासाठी. तेथे एका जुन्या प्रीमियर पद्मिनीत नव्या जमान्याच्या गाडीचे एंजिन आणि गिअरबॉक्स बसविले होते. मोकळ्या रस्त्यावर गाडी थंड राही. औंधच्या गर्दीत अडकली की काटा लाल रेघेकडे चढे. अखेर हेड गॅस्केट उडाले आणि मालकाने वायरिंग करणाऱ्या पोराचा महिन्याचा पगार अडकवून ठेवला. पोरगा म्हणे, ‘पंखा चालत होता.’ मालक म्हणे, ‘या गाडीला हा त्रास पूर्वी कधी नव्हता.’ दोघेही खरे बोलत होते; पण ते कसे, हे कळण्यासाठी जरा मागे जावे लागते.

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे निघालेली पद्मिनी ही मुळात इटलीच्या फियाट 1100 ची लेक. त्या घराण्याची 1953 ची गाडी दान्ते जाकोसा या इंजिनिअराने आखली. एंजिन उभे, त्याच्या पुढे रेडिएटर आणि मधोमध पट्ट्याने फिरणारा पंखा. पेट्रोलच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. ते काम हा पंखा कोणाच्या हुकमाची वाट न पाहता करी. एंजिन फिरते तोवर तोही फिरे. त्याला ना तार, ना फ्यूज. पट्टा सैल झाला तर मुंबईचा टॅक्सीवाला रस्त्याच्या कडेलाच तो ताणून घेई. ही काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली ती थेट ऑक्टोबर 2023 मध्ये.

पंख्याला तार लागली ती एंजिन आडवे झाल्यावर. आडव्या एंजिनाची पुली चाकाच्या बाजूस येते, आणि समोरच्या रेडिएटरपर्यंत पट्टा सरळ पोचत नाही. मग पंख्याला स्वतःची विजेची मोटार द्यावी लागली. फियाट 128 या 1969 च्या गाडीत हा बदल दिसतो, आणि गंमत अशी की तीही जाकोसाचीच. जुन्या डायनामोला हे ओझे झेपले नसते, कारण एंजिन मंद चालले की तोही मंदावतो, आणि पंखा तर नेमका तेव्हाच हवा असतो. मंद गतीतही पुरेशी वीज देणारा अल्टरनेटर आल्यावर ही अडचण सुटली. आपल्याकडे आडव्या एंजिनाची मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली.

सांगवीच्या त्या गाडीत हे दोन्ही काळ एकाच बॉनेटखाली आले होते. एंजिन बदलल्याची नोंद आर.टी.ओ.त करावी लागते. ती मालकाने केली होती, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आम्ही पोराबरोबर मीटर घेऊन बसलो. वेगात गाडी थंड राहते, म्हणजे पाण्याचा पंप आणि रेडिएटर बहुधा ठीक, संशय पंख्यावर. पंख्याच्या तारा थेट बॅटरीला लावल्या, तो जोरात फिरला. पुढून धरलेला कागद रेडिएटरला चिकटला, म्हणजे दिशाही बरोबर. मग थर्मोस्विचची दोन टोके जोडली. रिले ‘टक्’ करून बसला, पंखाही फिरला, पण दमेकऱ्यासारखा. पोरगा खोटे बोलत नव्हता! लाल तारेवर बारा व्होल्ट पुरते येत होते. काळ्या तारेचे टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मात्र मीटरने चार व्होल्ट दाखविले, तेथे जवळजवळ शून्य हवे होते. पंख्याच्या वाट्याला आठच व्होल्ट येत होते. काळ्या तारेचा स्क्रू नव्या चकचकीत रंगावर आवळला होता. खालचा पत्रा घासून उघडा केला, स्क्रू पुन्हा आवळला, आणि पंख्याचा आवाजच बदलला.

चूक पोराच्याच हातची होती, हे आम्ही लपविले नाही. पण अर्थिंगसाठी रंग खरवडावा लागतो, हे त्याला कोणी दाखविले होते? मालकालाही ते माहीत नव्हते. त्याची सारी उमर पट्ट्याच्या पंख्यांत गेली होती, आणि त्या पंख्याला अर्थिंग लागत नाही. अर्धा पगार त्याने त्याच संध्याकाळी दिला. उरलेल्या अर्ध्याची बोलणी अजून चालू आहेत.