अनाथ नसलेल्यांचे अनाथाश्रम

दर उन्हाळ्यात अमेरिका-ब्रिटनमधल्या चर्चांतून तरुणांचे गट कंबोडिया, नेपाळ, हैती, युगांडा अशा देशांकडे निघतात. दोन आठवडे अनाथाश्रमात जायचं, मुलांना गाणी शिकवायची, भिंती रंगवायच्या, बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या आणि परतायचं. यामागची भूमिका अशी मांडली जाते : या मुलांना कोणी नाही, ज्याला कोणी नाही त्याला पंधरा दिवसांची मायाही मोलाची, त्यात कुणाचं नुकसान नाही, शिवाय ही धर्माची आज्ञाच आहे. जाणाऱ्यांच्या सद्‌भावाबद्दल मला शंका नाही. पण या भूमिकेतला एकही आधार तपासून पाहिला तर टिकत नाही.

कंबोडिया म्हटलं की ख्मेर रूजचा नरसंहार आठवतो आणि तिथे अनाथ मुलं असणारच, असं आपण गृहीत धरतो. ती राजवट १९७९ मध्ये कोसळली. अनाथाश्रम मात्र २००५ ते २०१० या पाच वर्षांत सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. देशात तेव्हा शांतता होती आणि अंगकोर वाट पाहायला पर्यटकांची रीघ लागली होती. त्याच सुमाराच्या पाहणीत दिसलं की आश्रमांतल्या दर चार मुलांपैकी तिघांची आई किंवा वडील, निदान एक जण तरी हयात होतं. म्हणजे मुलं अनाथ झाली म्हणून आश्रम निघाले नाहीत. आश्रम निघाले आणि त्यांच्यासाठी मुलं आणली गेली. शाळा मिळेल, इंग्रजी येईल, दोन वेळचं जेवण मिळेल, एवढं आश्वासन गरीब आईवडिलांना पुरेसं होतं.

नेपाळची कथा वेगळी नाही. तिथले बहुतेक आश्रम काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर आहेत. मुलं मात्र हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी आणलेली. ऑस्ट्रेलियातल्या कायदेतज्ज्ञ कॅथरीन व्हॅन डोर यांनी ज्या ‘कागदी अनाथां’विषयी लिहिलं आहे, ती हीच मुलं : आईवडील जिवंत, पण कागदोपत्री मृत. पाहुणा अनाथ शोधत येतो आणि पाहुण्याबरोबर देणगी येते, म्हणून अनाथ तयार केला जातो. २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना ऑस्ट्रेलियाने या व्यापाराची दखल घेतली.

श्रद्धा माणसाला इथे कुठवर नेते, ते हैतीत दिसलं. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बाप्टिस्ट मंडळींचा एक गट ३३ मुलांना डॉमिनिकन प्रजासत्ताकात नेताना सीमेवर पकडला गेला. मुलांना तिकडच्या अनाथाश्रमात सुखरूप ठेवायचं, असा त्यांचा हेतू होता. चौकशीत या मुलांचे पालक हयात असल्याचं निघालं.

आता मायेबद्दल. नवख्या पाहुण्याला पाहताच मूल धावत येतं, मांडीवर चढतं, हात सोडत नाही. स्वयंसेवकांना हाच आपल्या सेवेचा पुरावा वाटतो. बालमानसशास्त्राचं म्हणणं नेमकं उलट आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बार्बरा टिझार्ड यांनी १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या संस्थांतल्या मुलांचा अभ्यास केला. त्या संस्थांत अन्न, खेळणी, शिकवणं कशाचीच ददात नव्हती. फक्त सांभाळणारी माणसं सारखी बदलत होती. तिथल्या अनेक मुलांमध्ये कोणाही अनोळखी माणसाशी सरसकट लगट करण्याची खोड दिसली. ज्याच्याजवळ आपलं एक माणूस असतं, ते मूल परक्यापुढे आधी आईच्या पदराआड जातं. पुढे रुमानियात संस्थांतल्या १३६ मुलांवर झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. संस्थेतून कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळा जोडण्याची शक्ती सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सर्वांत जास्त. मुलाला लागतं ते टिकणारं माणूस. पंधरवड्याला बदलणारी माया त्याला दर वेळी नवा वियोग देते.

मग धर्माज्ञेचं काय? याकोबाच्या पत्रातल्या पहिल्या अध्यायाचं सत्ताविसावं वचन या प्रवासांच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केलं जातं. अनाथ आणि विधवा यांच्या संकटात धावून जाणं हा शुद्ध धर्म, असा त्याचा आशय. त्यात अनाथ एकटा नाही, विधवा त्याच्या शेजारीच आहे. बाप गेलेलं मूल आणि नवरा गेलेली आई ही पुष्कळदा एकाच घरातली दोन माणसं असतात. मुलाला आईपासून तोडून त्याला भेटायला जाणं ही त्या वचनाची पूर्तता कशी होईल?

आपल्याकडचा दाखला आठवावाच लागेल. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभं केलं. तिथे विधवा आणि मुली एकत्र राहत. संकट खरं होतं, मुली खरोखर निराधार होत्या, आणि रमाबाई १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत तिथेच राहिल्या. अनाथाश्रमाच्या समर्थनासाठी रमाबाईंचं नाव घेणाऱ्यांनी यातली एक तरी अट पाळून दाखवावी.

‘पण आम्ही जाणं बंद केलं तर ही मुलं उपाशी मरतील,’ हा शेवटचा आक्षेप. तो गंभीर आहे, कारण आश्रम एका रात्रीत बंद केले तर मुलांचे हाल होतीलच. म्हणून काम हळूहळू, मुलागणिक करावं लागतं : आईवडील शोधणं, त्यांना आधार देणं, मूल घरी रुळेपर्यंत पाठपुरावा करणं. कंबोडिया सरकारने पाच प्रांतांतल्या आश्रमांतली ३० टक्के मुलं घरी परतवण्याचं उद्दिष्ट ठेवलं, ते याच वाटेने. अमेरिकेत ‘फेथ टू ॲक्शन’सारखे ख्रिस्ती गटही आता चर्चांना हेच सांगत आहेत. खुद्द ब्रिटनने १९४८ च्या बालक कायद्यापासून मुलांना घरांत सांभाळण्याचा मार्ग धरला आणि तिथले मोठमोठे अनाथाश्रम पुढे बंद झाले. भारताचा २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेला अखेरचा उपाय मानतो, आणि महाराष्ट्राची बालसंगोपन योजना मूल घरातच वाढावं म्हणून कुटुंबाला दरमहा पैसे देते.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतला एखादा मुलगा, एखादी मुलगी अशा सेवासहलीला निघत असेल, तर आयोजकांना विचारा : या मुलांच्या आया कुठे आहेत, आणि त्यांना भेटायला कोण गेलं? उत्तर मिळालं नाही तर जाऊ देऊ नका. तिकिटाचे पैसे मुलांना घरी पोहोचवणाऱ्या संस्थेला द्या.