शेळगावातून निघा, शके 1079 ला पोचा

तुम्ही शेळगावच्या शिवारात उभे आहात. दोन्ही अंगांना डोक्यापेक्षा उंच ऊस आहे आणि पाटाला पाणी सुटलंय. इथून काळात मागे निघा. 1885 ओलांडलं की नीरा डावा कालवा नाहीसा होतो आणि त्याबरोबर हा ऊसही. 1876 च्या दुष्काळात माणसं पोटासाठी कालव्याची माती वाहताना दिसतील. तिथे थांबवणार नाही, पुढचा पल्ला लांब आहे. याच वाटेने जाणारी तुकोबांची पालखी नारायण महाराजांनी 1685 साली सुरू केली. तिच्याही मागे चला. आता फक्त बोरी-बाभळी, ज्वारीची रानं आणि उत्तरेला भीमेकडे जाणारी पायवाट.

पळसदेवला पोचाल तेव्हा शके 1079 चालू असेल, म्हणजे इ.स. 1157. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता मावळतीला लागली आहे. ज्याच्या नावाने आपण अशा देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतो, तो हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारात यायला अजून शंभरेक वर्षं आहेत. भीमा उन्हाळ्यातल्यासारखी खाली गेलेली, वाळवंट मोकळं. काठावर पळसनाथाचं देऊळ, आणि त्याच्या नावाने दगडावर मराठी अक्षरं उमटताहेत.

बाजूला एक वीरगळ घडतोय, तो जवळून बघा. खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि लढाई, तिच्यावर त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. पाथरवट छिन्नी तिरपी धरून चंद्राची कोर सोडवतो, भुकटी फुंकतो, अंगठा फिरवून बघतो. दगड वाचायचा कसा, हे अक्षर न येणाऱ्यालाही कळावं अशीच ही मांडणी आहे.

आता झपाट्याने पुढे या. 1980 च्या सुमाराला भीमेवरचं उजनी धरण पुरं होतं. पाणी चढतं, गाव वर सरकतं, देव नव्या देवळात जातो आणि जुनं देऊळ धरणाच्या पोटात राहतं. उजनीच्या पाण्यावर किती घरं उभी राहिली, हे मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल तक्रारही नाही. पण ज्यांचं गाव गेलं, त्यांच्या देवळाची निगा राखणं हे पाणी घेणाऱ्या आपल्या सगळ्यांवरचं देणं आहे, आणि ते आपण फेडलेलं नाही. दुष्काळी उन्हाळ्यात देऊळ उघडं पडतं, 2024 मध्येही पडलं होतं. लोक होड्यांतून येतात, फोटो काढतात. मग पावसाळा येतो आणि विटांचं शिखर पुन्हा भिजतं. पुन्हापुन्हा होणारं हे भिजणं-सुकणं चुना आणि वीट फार काळ सोसणार नाहीत.

म्हणून पाणी उतरलं की जरूर या. शिखरावर चढू नका, सुटलेला दगड घरी नेऊ नका. परतताना नव्या पळसदेवात एखाद्या आजोबांजवळ बसा आणि जुन्या गावाची वेस, घाट, आळ्या विचारून लिहून घ्या. ते गाव जाणत्या वयात पाहिलेली माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत.