आश्रमशाळा ते एव्हरेस्ट : चंद्रपूरच्या ‘मिशन शौर्य’चा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील गिर्यारोहणाचा इतिहास प्रामुख्याने मुंबई-पुणे परिसराचा इतिहास आहे. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण हे एव्हरेस्ट सर करणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले. २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत शिखरावर पोहोचले. या यशामागे सह्याद्रीतील कडे, हौशी संस्था आणि अनेक वर्षांचा सराव उभा होता. १९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनप्रदेशाला असा संस्थात्मक वारसा लाभला नव्हता. असे असूनही मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. हे यश कशामुळे शक्य झाले आणि त्याची परंपरा होण्यासाठी कशाची आवश्यकता आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोहिमेची पार्श्वभूमी :
या मोहिमेपूर्वी एक उदाहरण शेजारच्या तेलंगणात घडले होते. तेथील शासकीय निवासी शाळेची विद्यार्थिनी मालावत पूर्णा हिने २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्याआधीच, एव्हरेस्ट सर केले. शासकीय वसतिगृहात वाढलेले मूलही योग्य प्रशिक्षणाने तेथवर जाऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. चंद्रपूरचे जिल्हा प्रशासन व राज्याचा आदिवासी विकास विभाग यांनी ‘मिशन शौर्य’ हाती घेतले. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रशिक्षणास प्रारंभ झाला. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग व लेह-लडाख असे त्याचे टप्पे होते. अंतिम दहा विद्यार्थ्यांपैकी मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे व विकास सोयाम या पाच जणांनी शिखर गाठले.

यशाची मीमांसा :
आदिवासी मुले मुळातच काटक असतात, म्हणून हे घडले, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते अपुरे आहे. चंद्रपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंचीवर असून उन्हाळ्यात तेथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बर्फ, विरळ हवा, कृत्रिम प्राणवायू यांचा या मुलांना पूर्वानुभव असणे शक्य नव्हते. काटकपणा ही पूर्वअट ठरली असेल. परंतु निर्णायक ठरले ते नऊ महिन्यांचे क्रमबद्ध प्रशिक्षण आणि शासनाने उचललेला खर्च. नेपाळमार्गे एव्हरेस्टवर जाणाऱ्या परदेशी गिर्यारोहकास त्या काळी केवळ परवान्यासाठीच ११,००० अमेरिकन डॉलर मोजावे लागत. जंगलावर व कोरडवाहू शेतीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम कल्पनेपलीकडची होती. यशाचे सारे श्रेय रक्ताला दिले, की व्यवस्थेची जबाबदारी आपोआप नाहीशी होते.

पुढील पायरीचा प्रश्न :
येथे गोल्फसारख्या खर्चिक खेळाशी केलेली तुलना उद्बोधक ठरते. शिव शंकर प्रसाद चौरसिया यांचे वडील १८२९ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची निगा राखणारे कर्मचारी होते. मैदानाच्या सान्निध्यातच खेळ शिकलेले चौरसिया १९९७ मध्ये व्यावसायिक झाले. २००८ मध्ये त्यांनी दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली आणि युरोपियन टूरचे दार त्यांना उघडले. पुढे २०१६ व २०१७ अशी सलग दोन वर्षे त्यांनी इंडियन ओपनचे विजेतेपद मिळविले. गरिबीतून आलेल्या या खेळाडूला दोन गोष्टी लाभल्या : नित्य सरावाचे मैदान आणि एका स्पर्धेतून दुसरीकडे नेणारी शिडी. एका विजयाने पुढच्या स्पर्धांचा हक्क मिळतो, ही व्यावसायिक गोल्फची रचनाच आहे.

गिर्यारोहणात अशी रचना नाही. शिखर गाठल्यानंतर गिर्यारोहक खाली उतरतो. त्याची पुढची पायरी कोणीतरी बांधावी लागते. २०१९ मध्ये ‘मिशन शौर्य’चा दुसरा टप्पा राज्यातील अन्य आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनाही सामावून घेऊन पार पडला, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि, मोहीम आणि व्यवस्था यांत फरक आहे. मोहिमेला आरंभ व शेवट असतो. व्यवस्था अधिकाऱ्याच्या बदलीनंतरही चालू राहावी लागते.

समारोप :
दार्जिलिंग येथील हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमध्ये प्राथमिक व प्रगत अभ्यासक्रमांबरोबरच प्रशिक्षक घडविणारा अभ्यासक्रमही चालतो. आश्रमशाळेतील विद्यार्थी तेथून प्रशिक्षक होऊन परतला आणि जिवतीच्या डोंगराळ भागात अथवा गडचिरोलीत पुढील मुलांना शिकवू लागला, तर २०१८ च्या यशाला पुढची पिढी लाभेल. एव्हरेस्टवर पाच विद्यार्थी पोहोचले, ही नोंद इतिहासात झालीच आहे. त्यांच्या मागून येणाऱ्या मुलांसाठी गावाजवळ सरावाचा कडा, दोर आणि शिकविणारा गुरू आहे काय, या निकषावर या उपक्रमाचे अंतिम मूल्यमापन व्हावे लागेल.