घरफाळा (कोल्हापूर महानगरपालिका)

कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीतील इमारती व जमिनींवर दरवर्षी आकारला जाणारा कर. पुण्यात तो मिळकत कर, मुंबईत मालमत्ता कर. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची. १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता संपला आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. तेव्हापासून शहराच्या स्वतःच्या हातात उरलेल्या मोजक्या करांत घरफाळा सर्वांत महत्त्वाचा ठरला. बिलातली सगळी रक्कम मात्र पालिकेची नसते. शिक्षण उपकर व रोजगार हमी उपकर ती राज्य शासनासाठी वसूल करते.

पूर्वी आकारणी भाडेमूल्यावर होई. मिळकतीला वर्षाला किती भाडे येऊ शकेल हे ठरवायचे, दुरुस्तीपोटी त्यातून दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर लावायचा. भाडेनियंत्रण असलेल्या इमारतीचे करयोग्य मूल्य प्रमाणित, म्हणजे त्या कायद्याने ठरणाऱ्या, भाड्यापलीकडे नेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये देवान दौलतराय कपूर खटल्यात सांगितले होते. त्यामुळे जुन्या पेठेतल्या भर बाजारातील भाडेकरूंच्या इमारतीला नाममात्र फाळा आणि नव्या वसाहतीतल्या साध्या सदनिकेला त्याहून जास्त, अशी विषमता निर्माण होई.

२०१० च्या कायदादुरुस्तीने महानगरपालिकांना भांडवली मूल्याचा पर्याय दिला आणि कोल्हापूरने २०११-१२ पासून तो स्वीकारला. रेडिरेकनरमधील (शासनाच्या बाजारमूल्य तक्त्यातील) दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांवरून मूल्य काढले जाते. ही पद्धत जुन्यापेक्षा न्याय्य आहे, पण तिचा सारा भार नोंदीच्या खरेपणावर आहे. राहते घर की दुकान, दुकान मालक चालवतो की भाडेकरू, वरचा मजला वाढवला की नाही, हे मोजणीला आलेला कर्मचारी जे लिहील तेच ठरते. २०२० च्या सुमारास गाजलेला घरफाळा घोटाळा याच दुव्यावर होता. व्यावसायिक मिळकतींची आकारणी कमी दाखवून पालिकेचे नुकसान केल्याचे आरोप झाले, चौकशी झाली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. दर कितीही विचारपूर्वक ठरवला तरी नोंद खोटी असेल, तर प्रामाणिक मिळकतधारक दुसऱ्याचा वाटा भरत राहतो.

भांडवली मूल्यालाही मर्यादा आहेत. मुंबईच्या नियमांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की मूल्य आज जे उभे आहे त्याचेच धरावे. पुढे होऊ शकणाऱ्या बांधकामाचा त्यात विचार करता येत नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आकारणी नवी किंवा वाढीव असेल तर मिळकतधारकाला नोटीस द्यावी लागते. लेखी हरकत घेतल्यास सुनावणी होते. निकाल मान्य नसल्यास कलम ४०६ खाली पंधरा दिवसांत न्यायालयात अपील करता येते, पण मागणीची रक्कम आधी भरावी लागते. सदनिकाधारकाला किंवा लहान दुकानदाराला ही अट जड जाते आणि चुकीची आकारणीही पुष्कळदा निमूटपणे भरली जाते.

थकबाकीवर दरमहा दोन टक्के दंड लागतो. मागणी नोटिशीनंतर जंगम वस्तूंची जप्ती, पुढे मिळकतीची जप्ती व लिलाव असा क्रम आहे; वसुली मोहिमेत नळजोडही तोडले जातात. अनधिकृत बांधकामाला कलम २६७-अ नुसार शास्ती आहे. आर्थिक वर्ष संपत आले की दंडात सवलतीच्या योजना निघतात. त्यामुळे तिजोरीत पैसा येतो, पण बिल हाती पडताच रांगेत उभे राहिलेल्यांवर हा अन्यायच आहे, कारण थांबणाऱ्याचा फायदा होतो हे त्यांना दरवर्षी दिसते.

घरफाळ्याचा प्रश्न शहराच्या हद्दवाढीशीही जोडलेला आहे. १९७२ पासून शहराची हद्द जवळपास तेवढीच राहिली आहे. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव यांसारखी गावे शहराला चिकटलेली आहेत. तेथे ग्रामपंचायतीची घरपट्टी लागते. हद्दवाढीला या गावांतून होणाऱ्या विरोधात घरफाळा वाढण्याची धास्ती ठळक असते, आणि शहरात आल्यावर पाणी, रस्ते, गटारे कधी मिळतील हा त्यांचा प्रश्न त्याच कराला जोडलेला आहे.