राखेच्या मागेपुढे : भूम परिसरातील घरगुती काटकसरीचा इतिहास

पर्यावरणस्नेही जीवनशैली म्हणून आज ज्या सवयींची शिफारस केली जाते, त्यांपैकी बऱ्याचशा सवयी बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारावर वसलेल्या मराठवाड्यातील भूम परिसरात पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या जात होत्या. मात्र त्यांना तेथे वेगळे असे नाव नव्हते, आणि पुरवून वापरणे, वाया न घालवणे, काटकसर एवढ्याच शब्दांत त्यांचा उल्लेख होत असे. या सवयींचा उगम निसर्गप्रेमात शोधणे इतिहासाला धरून होणार नाही. पर्जन्यछायेतील अनिश्चित पाऊस, काळ्या पाषाणाखाली खोल गेलेले पाणी, दाट जंगलाचा अभाव आणि बाजारपेठेपासूनचे अंतर या चार गोष्टींनी त्या घडवल्या होत्या. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली, पण भूम तिच्या मार्गावर नव्हते. त्यामुळे विकत आणलेली वस्तू येथे महागच पडे आणि घरातली वस्तू सहजासहजी टाकली जात नसे.

या घरगुती व्यवस्थेचे केंद्र चूल होते, आणि चुलीचा प्रश्न हा मुळात शेणाचा प्रश्न होता. शेण उकिरड्यात, म्हणजे घराजवळच्या खताच्या खड्ड्यात, टाकावे तर शेताला खत मिळे, आणि थापून गोवऱ्या कराव्यात तर स्वयंपाक होई. एकाच पाटीतून दोन्ही गोष्टी साधणे शक्य नसल्यामुळे प्रत्येक घराला हा हिशेब नित्य मांडावा लागे. सर्वसाधारण प्रघात असा की पावसाळ्यात गोवऱ्या वाळत नाहीत म्हणून त्या काळातले शेण उकिरड्यात जाई, आणि उघाडीच्या महिन्यांत थापलेल्या गोवऱ्या रचून, वरून लिंपून, पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवल्या जात. शेणाची ही ओढाताण सैल करण्यासाठी पिकांचे अवशेष कामी येत: तुरीच्या वाळलेल्या झाडांच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि ज्वारी काढल्यावर जमिनीत राहिलेली धसकटे वेचून आणून जाळली जात, तर ज्वारीचा कडबा मात्र जनावरांसाठीच असे आणि तो चुलीत घालणे हा जवळपास अपराध मानला जाई.

चुलीतून निघणारी राख हा या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित दुवा होय. राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. पाण्याच्या संपर्कात ते अल्कधर्मी द्रावण तयार करतात आणि भांड्यावरचा तेलकटपणा सोडवतात, तर राखेचा बारीक कण घासणीचे काम करतो. भांडी घासण्याचा क्रमही ठरलेला असे. ताटवाट्यांना लागलेले अन्न पहिल्या पाण्याने खंगाळले जाई आणि ते खरकटे पाणी गाई-म्हशींच्या आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खाद्यात, मिसळले जाई. त्यानंतर राख लावून भांडी घासली जात, आणि धुण्याचे ते दुसरे पाणी परसातल्या अळूला, केळीला किंवा एखाद्या वेलाला सोडले जाई. जेथे घागरभर पाणी आडातून पोहऱ्याने शेंदून डोक्यावरून आणावे लागे, तेथे एकाच पाण्याने दोन-तीन कामे होणे हा नियम होता. बियाण्याच्या साठवणीतही राखेला स्थान होते: कडधान्यांना राख चोळून ठेवली की किडीचा उपद्रव कमी होई. धान्य भरण्यासाठी तुराट्यांच्या, शेणाने सारवलेल्या कणग्या असत, किंवा भिंतीतच बांधलेले बळद असे, आणि दोन्हींत लिंबाचा पाला घालण्याची रीत होती. (मराठवाड्यात कडुलिंबाला नुसते लिंब म्हणतात.) उरलेली राख शेवटी उकिरड्यावर जाई आणि खतातून शेतात परते.

कपड्यांची कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती महाराष्ट्रभर सारखीच आहे. लुगडे मध्यभागी विरले की तो भाग कापून उरलेले तुकडे जोडीत, याला दंड घालणे म्हणत. तेही टिकेनासे झाले की त्याची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवली जाई आणि वाकळ फाटली की तिच्या चिंध्या होत. घरांचेही असेच होते. दगड-मातीच्या भिंतींवर लाकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेल्या सपाट छताला माळवद म्हणतात. ते उन्हाळ्यात घर थंड ठेवी, आणि घर पडले तरी भिंतींची जुनी माती खत म्हणून रानात पसरली जाई.

या चित्रावर भाळून जाण्याचा मोह मराठी लेखनात वारंवार दिसतो. वस्तू वाया जात नव्हती हे खरे, परंतु ती वाया जाऊ नये यासाठी कोणाचे श्रम खर्ची पडत होते हे पाहिल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही. शेण थापणे, पाणी वाहणे, धसकटे वेचणे आणि चुलीच्या धुरात बसणे ही कामे जवळपास संपूर्णतः स्त्रियांची होती. गावाच्या पातळीवर बलुतेदारी, म्हणजे वर्षाकाठच्या धान्याच्या मोबदल्यात कारागिरांनी गावाला सेवा देण्याची पद्धत, अवजारांची आणि मोटांची डागडुजी होत राहील अशी सोय करी. पण त्याच चौकटीत मेलेली जनावरे ओढणे आणि गावाची घाण दूर करणे ही कामे जन्माने ठरलेल्या जातींवर लादलेली होती. भूमच्या पूर्वेस असलेल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या परिषदेचा विषय असलेले वतन, म्हणजे गावच्या सेवेच्या बदल्यात वंशपरंपरेने मिळणारा हक्क, हे गावकीच्या याच कामांना जखडलेले होते. जुन्या गावाचे स्वच्छ आणि स्वयंपूर्ण म्हणून केले जाणारे वर्णन ज्यांना ती स्वच्छता करावी लागे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते.

या काटकसरीला अपवाद खव्याचा. भूम आणि शेजारच्या वाशी तालुक्याची ओळख आज खवा आणि पेढा यांनी होते, आणि भूम तालुक्यातील कुंथलगिरी या जैन सिद्धक्षेत्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नासणाऱ्या दुधाला काही दिवस टिकवणारा हा व्यवसाय दूरच्या बाजारावरचा अत्यंत चतुर उपाय होता: साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होत असल्याने वाहून न्यायचे वजन सुमारे एक-पंचमांशावर येई. परंतु दुधातले पाणी आटवायचे ते भट्टीच्या जाळावर, आणि त्यासाठी गोवरी किंवा तुराटी पुरत नसे, लाकूडच लागे. ज्या मुलखात घरची चूल काडी-काडी मोजून पेटवली जाई, तेथेच कढईखाली बाभळी जळत होत्या. घरात काटकसर आणि धंद्यात उधळण, अशी ही विसंगती वाटली तरी दोन्हींमागचे कारण एकच होते, ते म्हणजे हाताशी असलेल्या साधनांतून निर्वाह करणे. अलीकडे या भागात सौरऊर्जेवर चालणारी खवायंत्रे आली आहेत. भट्टीचा प्रश्न त्यांनी संपवला असे म्हणणे घाईचे होईल, पण तो प्रश्न आहे हे तरी त्यांमुळे मान्य झाले.

घरगुती साखळी एकाएकी तुटली नाही. १९७२ च्या दुष्काळात जनावरे गेली किंवा कवडीमोलाने विकली गेली आणि ज्या घरांतून ती गेली तेथले शेणही संपले. पुढे विंधन विहिरी आल्या आणि पाण्यासाठी शेंदण्याचे कष्ट कमी झाले, तसा पाण्याचा हिशेबही सैल झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारी, उमरगा आणि लोहारा परिसरात मोठी मनुष्यहानी झाली आणि माळवदाचा भार जिवावर बेततो हे सर्वांनी पाहिले. त्यानंतर माळवदाऐवजी पत्रा आणि सिमेंट जवळ करणाऱ्यांना परंपरा सोडल्याचा दोष देणे अन्यायाचे ठरेल. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघरी पोहोचू लागला आणि डोळ्यांतला धूर कमी झाला. पण जेथे चूल विझली तेथे राख मिळेनाशी झाली. राख नाही म्हणून भांड्यांना साबणाची वडी आली, आणि त्या फेसाळ पाण्याला परसातल्या अळूऐवजी गटार दाखवावे लागले. एक दुवा बदलला की पुढचे तीन आपोआप बदलतात, याची कल्पना पर्यावरणस्नेही सवयींच्या सुट्या याद्यांमधून येत नाही.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करून देणे नागरिकांवर बंधनकारक केले. उकिरड्याला अशा वर्गीकरणाची गरज पडली नव्हती, कारण त्यात न कुजणारे असे फारसे काही पडतच नसे. ज्या घरी अजून म्हैस आहे तेथे भाजीची देठे कचऱ्याच्या गाडीपर्यंत पोहोचतच नाहीत. ज्या घरी ती नाही तेथे ओल्या कचऱ्याची बादली हीच काय ती जुन्या आंबोणाची खूण उरते, फक्त तिचे पाणी आता कोणाला पाजायचे हा प्रश्न राहतो.