काचेच्या कडेचा गंज

यंदा आषाढात आमच्या जुन्या फियाटमध्ये पुढच्या सीटच्या पायाखाली तळं साचलं. (बिल्ल्यावर ‘पद्मिनी’ आहे, पण घरात तिला सगळे फियाटच म्हणतात.) मला वाटलं, खिडकी उघडी राहिली असेल. पुसून घेतलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पाणी काचेकडून येतंय. डॅशबोर्डखाली ओघळ बघा.” वहिनींचं वय ८३, पण नजर माझ्यापेक्षा चांगली.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. मुलं पुण्यात, त्यांचं म्हणणं की आता भंगारात द्या. त्यांचंही चूक नाही. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करायची, त्याआधी तपासणीतून पास व्हायचं, आणि वर हरित कर. पण वहिनी काही बोलत नव्हत्या, आणि त्या बोलत नाहीत तेव्हा काय समजायचं हे मला पन्नास वर्षांत कळलेलं आहे.

आमच्या रत्नागिरीत पत्र्याचं काम करणारा एक डेंटर माझा जुना विद्यार्थी. इतिहासात जेमतेम पास व्हायचा. त्याने काचेभोवतीच्या रबरावर बोट दाबलं, तर रबराचा तुकडाच हातात आला. मग छोट्या हातोडीने तो काचेच्या कडेने ठोकत गेला. वर टण् टण् वाजत होतं, खालच्या दोन्ही कोपऱ्यांत भद्द. “सर, इथे पत्रा नाहीच. नुसती लांबी आहे.”

मी गप्प राहिलो. कारण ती लांबी कुणी भरायला लावली होती ते मला ठाऊक होतं. त्यावर पुढे येतो.

आधी थोडा इतिहास, कारण सवय जात नाही. वालचंद हिराचंद हे मूळ सोलापूरचे. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी इथे झाल्या पाहिजेत असं ठरवलेला माणूस. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून जे ‘११०० डिलाइट’ मॉडेल आलं, त्याचंच नाव सत्तरच्या दशकात आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झालं. इंजिन १०८९ सीसीचं. इटलीत ही ११०० ची मालिका १९६९ मध्ये संपली, आपल्याकडे मात्र तोच सांगाडा शतक संपेपर्यंत निघत राहिला.

यात कारखान्याला एकट्यालाच दोष देण्यात अर्थ नाही. तो परवान्यांचा जमाना होता. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवणार, आणि १९६९ पासून कितीला विकायच्या तेही. किमतीचा तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नवी गाडी घेणाऱ्याला ती दोन वर्षं परवानगीशिवाय विकता येत नसे. अण्णांनी १९७१ मध्ये नाव नोंदवलं ते फियाटसाठी, आणि १९७८ मध्ये हातात आली ती पद्मिनी. सात वर्षांत गाडीचं नाव बदललं, अण्णांना दोन मुलं झाली. गाडी आणली त्या दिवशी शेजारच्यांनी ओवाळलं होतं. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात.

तर एवढ्या वाट पाहून मिळालेली वस्तू माणूस सहजी टाकत नाही. डागडुजी करत राहतो. आणि डागडुजीतच गंजाचं फावतं.

हा गंज काचेच्याच कडेला का धरतो, हे डेंटरने काच काढल्यावर समजलं. आजच्या गाड्यांची काच चिकटवलेली असते. या गाडीची काच जाड रबराच्या पट्टीत बसवलेली. रबराला दोन खोबणी, एकीत काच आणि दुसरीत पत्र्याची कड. रबर नवं असताना पाणी आत जात नाही. उन्हाने ते कडक झालं, भेगा पडल्या, की पाणी आत जातं आणि मग त्याला बाहेर यायला वाट नाही. वरचा पाऊस पुसता येतो, हा रबराखालचा ओलावा दिवाळीपर्यंत मुक्काम करतो. त्यात आमची समुद्राची खारी हवा. शिवाय ती कड म्हणजे दोन पत्रे एकावर एक ठेवून जोडलेले. त्यांच्या मधल्या फटीत रंगाचा ब्रश पोचतच नाही. ॲल्युमिनियमवर जो थर चढतो तो घट्ट बसतो आणि आतला धातू राखतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारा. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फोड येतो. फोड दिसला म्हणजे खाली काम बरंच आटोपलेलं असतं.

आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. अख्खी बॉडीच वजन पेलते, त्यात काचेच्या बाजूचे खांब आले. तिथला पत्रा गेला म्हणजे घराच्या आढ्याखालचा वासा गेला.

आता ती लांबी. १९९६ मध्ये पुतणीचं लग्न होतं. अण्णा आजारी, म्हणून गाडी रंगवून आणायचं काम माझ्याकडे आलं. रंगारी म्हणाला, कोपऱ्यात गंज आहे, काच काढून पत्रा बदलायला हवा, आठवडा लागेल. लग्न पाच दिवसांवर. मी म्हटलं, घासून वरून लांबी भर आणि रंग मार. गाडी आरशासारखी चमकली. अण्णांनी पाठ थोपटली. रंगाऱ्याने तरी खरं ते सांगितलं होतं.

डेंटरने आता दोन्ही कोपरे कापून काढले. वहाणेएवढे तुकडे, चुरगाळले तर बोटांत पूड. नवा पत्रा त्याच मापाने वाकवून गॅस वेल्डिंगने बसवला. एक टाका इथे, पुढचा लांब तिथे, सलग केलं तर पातळ पत्रा तापून वाकडा होतो. पत्र्याच्या फटींत उरलेल्या बारीक गंजावर त्याने एक द्रव लावला. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, ते गंजाचं फॉस्फेट करून टाकतं. मी चकित झालो. दिल्लीचा मेहरौलीचा लोहस्तंभ मी तीस वर्षं शिकवला, सुमारे १६०० वर्षं तो का टिकला याला ‘प्राचीन कौशल्य’ एवढंच उत्तर देऊन पुढे जायचो. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचं कारण दाखवलंय, त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ थर तयार झाला. हे डेंटरला सांगितलं तर म्हणाला, “हे तेव्हा सांगितलं असतं सर, तर लक्षात राहिलं असतं.”

मग प्रायमर, रंग, आणि मुंबईहून मागवलेलं नवं रबर. काच बसवण्याची रीत पाहण्यासारखी. रबर आधी काचेला चढवायचं, पत्र्याच्या खोबणीत सुतळी फिरवायची आणि तिची दोन्ही टोकं गाडीच्या आत घ्यायची. साबणाचं पाणी लावून बाहेरून एकाने काच दाबायची, आतून दुसऱ्याने सुतळी हळूहळू ओढायची. सुतळी निघत जाते तशी रबराची ओठाळी पत्र्यावर चढत जाते. सुतळी ओढायला मी आत बसलो होतो.

घरी आल्यावर वहिनींना १९९६ चं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “ह्यांना माहीत होतं. रंगारी बिल द्यायला आला तेव्हा बोलला होता. हे म्हणाले, भाऊंनी लग्न वेळेत पार पाडलं, गाडीचं पुढे बघू.”

पुढे कुणी बघितलं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः आत बसल्या. मी बाहेरून काचेवर चार बादल्या पाणी ओतलं. त्यांनी डॅशबोर्डखाली हात घालून डावा कोपरा चाचपला, मग उजवा. हात बाहेर काढून पदराला पुसला, आणि म्हणाल्या, “अजून एक ओता.”